आठ चिमट्यांचा वारा

गावातल्या तीनशे तेरा घरांपैकी एक घर सोडून बाकी सगळ्यांनी पवनचक्कीला पाठिंबा म्हणून सह्या दिल्या, त्याचं श्रेय समितीनं घेतलं. समिती म्हणजे अध्यक्ष बेकरीवाला, चिटणीस पोस्टमन आणि आणखी पाच जण, ज्यांचं मुख्य काम बैठकीत अध्यक्षांची बिस्किटं संपवणं हे होतं. खरं काम केलं ते लॉन्ड्रीवाल्या काकूंनी.

काकूंची पद्धत साधी होती. धुऊन, इस्त्री करून कपड्यांचा गठ्ठा बांधला की वर एक छापील फॉर्म ठेवायचा आणि त्याला लाकडी चिमटा लावायचा. सही केलेला फॉर्म चिमट्यासकट परत यायला हवा. नाही आला तर पुढच्या खेपेला त्या घरातल्या शर्टांच्या कॉलरी अशा कडक व्हायच्या, की माणसाला मान वळवण्यापेक्षा सही करणं सोपं जायचं. महिन्याभरात गाव सरळ झालं.

फॉर्ममध्ये तीनच रकाने होते: नाव, सही, आणि ‘जागेबद्दल सूचना असल्यास’. जागा आधीच ठरलेली असल्यामुळे तिसऱ्या रकान्यात लोकांनी आपापली हौस भागवून घेतली. कुणी लिहिलं, पाती निळ्या रंगाची असावीत. कुणी लिहिलं, सूचना काही नाही, पण आमची एक उशीची खोळ तीन आठवडे आलेली नाही. काकूंनी खोळ शोधून पाठवली आणि फॉर्म ठेवून घेतला.

त्यांना ही चक्की अगदी मनापासून हवी होती. दवाखान्याच्या चाळीस चादरी साबणाच्या पाण्यात असताना वीज गेली की मशीन मधल्या मधे ठप्प व्हायचं. मग काकू आणि काका बाह्या सरसावून त्या चादरी हातानं उपसत. चक्की गावाची, गावानं मिळून उभी केलेली, तिची वीज आधी गावाला. काकूंना ही कल्पना इतकी पटली होती की इस्त्री करताना समोर कुणी नसलं तरी त्या शर्टाला ती समजावून सांगत. काका पलीकडच्या टेबलावर घड्या घालत ऐकत. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि ऐकण्यात काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

उरलेलं एक घर काकूंच्या सख्ख्या थोरल्या भावाचं होतं. गठ्ठा क्रमांक चाळीस. दादा निवृत्त संगीतशिक्षक. शाळेमागच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं अंगण असलेलं बैठं घर, तिथं ते अजून मुलांना व्हायोलिन शिकवत. आणि चक्की त्याच टेकडीवर यायची होती.

“अगं, पातं फिरलं की घूं घूं होणार,” दादा म्हणाले. “दिवसभर एकच स्वर, आणि तोही धड स्वर नाही. मी मुलांना काय शिकवू?”

“तुझी मुलं वाजवतात त्यापेक्षा ते घूं घूं गोड असेल, दादा.”

“म्हणूनच नको. मुलांचा धीर खचेल.”

दादांच्या कॉलरी कडक करून झाल्या, पँटीला तीन-तीन घड्या पाडून झाल्या. दादा तशाच पँटी घालून बाजारातून फिरले आणि विचारणाऱ्याला म्हणाले, बहिणीचं प्रेम आहे. शेवटी काकूंनी शाळेच्या हॉलमधल्या जाहीर सभेत, दोनशे माणसांसमोर, नाव न घेता त्यांची हजेरी घेतली.

“गावाचं काम असलं की माणसानं थोडं सोसावं,” काकू म्हणाल्या. सगळ्या माना दादांकडे वळल्या. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की काकूंना थांबता येत नसे, हा त्यांचा जुना दोष. “मला विचाराल तर उद्या माझ्या कपडे वाळवायच्या दोऱ्यांच्या मधोमध चक्की उभी करा! मी हूं का चूं करणार नाही!”

पोस्टमननं ते शब्द जसेच्या तसे इतिवृत्तात लिहिले. एवढं उदार व्हायला काकूंचं काही जात नव्हतं. हॉलच्या भिंतीवरच्या नकाशात टेकडीवर लाल टाचणी केव्हाच टोचलेली होती.

पुढच्या महिन्यात इंजिनीअर आली. पंचविशीची मुलगी, पायात बूट, पाठीवर पिशवी, बोलणं थोडकं. तिनं टेकडीवर वारा मोजायचा उंच खांब उभा केला. त्याच्या टोकाला तीन वाट्या गरगर फिरणार, आणि त्या किती फिरल्या हे खालच्या डबीत नोंदलं जाणार. सहा महिन्यांची मोजणी. समितीनं खांबाला नारिंगी फीत बांधली, अध्यक्षांनी भाषण केलं, आणि वाट्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

त्या तशाच राहिल्या. कधी आळस दिल्यासारखी एखादी गिरकी, मग पुन्हा शांत. समोरचा डोंगर या टेकडीपेक्षा उंच, तो सगळा वारा अडवतो, हे नकाशात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गाव मात्र अगदी खांद्याला खांदा लावून उभं राहिलं. अध्यक्षांनी टेकडीवरची झुडपं छाटून घेतली. पोस्टमन रोज सायकलवरून खाली येताना वर बघून वाट्यांना दोन शब्द सुनवायचा. सुतार एकदा शिडी आणि तेलाची कुपी घेऊन निघाला होता. त्याला इंजिनीअरनं अर्ध्या वाटेवर पकडलं.

“जरा तेल दिलं तर काय बिघडेल?” सुतारानं विचारलं.

“मोजणी बिघडेल.”

“पण वाढेल ना?”

साडेपाच महिने झाले तेव्हा तिनं समितीला सरळ सांगितलं. टेकडीवर पुरेसा वारा नाही. पंधरा दिवसांनी शेवटची बैठक घेऊ आणि फाइल बंद करू. खांब मग दुसऱ्या गावाला जाईल.

गावात सुतक पडल्यासारखं झालं. आणि काकू, ज्या सगळ्यांत जास्त बोलायला हव्या होत्या, त्या एकदम गप्प झाल्या.

त्याचं कारण लॉन्ड्रीच्या भिंतीवर टांगलेलं होतं. एका खिळ्यावर अकरा वर्षांची अकरा कॅलेंडरं, एकावर एक. प्रत्येक तारखेच्या चौकोनात एकच आकडा: दोन, चार, सहा, आठ. त्या दिवशी एका चादरीला किती चिमटे लावावे लागले तो आकडा. लॉन्ड्रीमागे, दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीत, काकूंचं कपडे वाळत घालायचं मैदान होतं. वारा पडलेला असला तर दोन चिमट्यांत चादर राहते. बरा असला तर चार. सहा चिमट्यांच्या दिवशी चादरी दोन तासांत वाळतात, आणि आठ चिमट्यांच्या दिवशी लहान कपडे बाहेर काढायचेच नाहीत, नाहीतर ते शेजारच्या गावात शोधावे लागतात. दवाखान्याला चादरी किती वाजता द्यायच्या हे कळावं म्हणून काकूंनी ही सवय लावून घेतली होती. त्या कॅलेंडरांत दोनचे आकडे शोधावे लागत. सहा आणि आठ पानोपानी होते.

म्हणजे या गावात वारा कुठे राहतो, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. अकरा वर्षं त्या त्याच्याशी रोज चादरींची ओढाताण करत होत्या.

आणि तिथं चक्की उभी राहिली तर मैदान जाणार. कपडे वाळवायला दुसरी जागा शोधता आली असती, गोष्ट तेवढीच असती तर. पण सकाळी दहा ते अकरा काकू त्या मैदानात असत. चारी बाजूंनी चादरी वाळत घातल्या की मधे पांढऱ्या भिंतींची एक खोली तयार होई. तिथं त्या उलट्या टोपलीवर बसत. एरवी दिवसभर काकू, माझा शर्ट, काकू, दवाखान्याचा फोन, काकू, बटण. त्या खोलीत त्यांना कुणी हाक मारत नसे. हाका मारल्या तरी चादरींच्या फडफडाटात ऐकू येत नसत. त्या एका तासाच्या जिवावर काकू उरलेला दिवस हसतमुखानं काढत आणि तो तास त्यांना कुणालाही द्यायचा नव्हता. गावालासुद्धा नाही.

हे मनाशी कबूल करताना त्यांना लाज वाटली. मग त्या लाजेचा राग आला, आणि काकांवर काढता येईना, कारण काका काही बोलतच नव्हते.

एका दुपारी इंजिनीअर जाकीट घ्यायला आली. काकूंनी घाईघाईनं कॅलेंडरांवर टॉवेल टाकला, पण तो जरा तोकडा पडला.

“काकू, हे आकडे कसले?” मुलीनं विचारलं.

“औषधाच्या गोळ्या,” काकू म्हणाल्या.

“रोज?”

“रोज.”

तिनं टॉवेलाखालून डोकावून बघितलं. “मंगळवारी आठ?”

“मंगळवारी फार दुखत होतं.”

इंजिनीअर काळजीनं म्हणाली की डॉक्टर बदलून बघा, आणि गेली. काकांनी एक घडी मोडून पुन्हा घातली. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. “काही म्हणायचंय का तुम्हाला?”

“नाही बुवा,” काका म्हणाले. “गोळ्या वेळेवर घेत जा.”

शेवटच्या बैठकीच्या दिवशी दुपारी दादा लॉन्ड्रीत आले. हातात मळक्या कपड्यांचा गठ्ठा, आणि वर, चिमटा लावलेला, सही केलेला फॉर्म.

काकू बघतच राहिल्या. “आता? आता फाइल बंद होतेय, दादा.”

“म्हणून तर केली,” दादा म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. “खरं सांगू? तू गेले पंधरा दिवस तोंड पाडून बसली आहेस. तुझी चक्की गेली. म्हटलं, निदान तुझ्या सह्या तरी पुऱ्या व्हाव्यात. माझ्यामुळे अडलं असं कुणी म्हणायला नको. तूसुद्धा.”

दादाला वाटत होतं, काकूंना चक्की गेल्याचं दुःख आहे. इतके महिने त्या ज्याच्या पँटीला तीन-तीन घड्या पाडत होत्या, तो माणूस त्यांचं दुःख हलकं करायला स्वतःची हार लिहून घेऊन आला होता. आणि त्या टॉवेल टाकून बसल्या होत्या.

“आण इकडे,” त्या कशाबशा म्हणाल्या. “अहो, हा लावा गठ्ठ्यात आणि एकदा मोजून टाका. बैठकीत पुरे तीनशे तेरा देऊ.”

फॉर्म आजवर कुणी मोजलेच नव्हते. काकू गठ्ठ्यांच्या क्रमांकांवर खुणा करत, एक ते तीनशे बारा, आणि चाळीस सोडून सगळ्यांवर खूण झाली होती. काकांनी सावकाश मोजलं. मग पुन्हा मोजलं.

“तीनशे बारा,” ते म्हणाले. “एक कमी आहे.”

“कमी कसा असेल? नीट मोजा!”

“दोनदा मोजलं.”

काकूंचा पारा चढला. “कोण आहे तो? बेकरीवाल्यानं स्वतःचा दिलाय ना? अध्यक्ष झाला म्हणून सही केली नाही असं नको व्हायला. आणि तो सुतार! तेलाच्या कुपीचा राग धरून बसला असेल.” त्यांनी फॉर्म ओढून घेतले. बेकरीवाला होता. सुतार होता. पोस्टमननं तर दोन ओळींची सही केली होती. “मग राहिलं कोण? गावात एक माणूस असा आहे, की ज्याला सगळं हवंय, पण सही नको!”

दादा आणि काका एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी चौतीस वर्षांच्या शांततेतून काका म्हणाले, “अगं, आपले कपडे आपण गठ्ठ्यात कधी बांधले?”

गठ्ठे तीनशे बारा होते. घरं तीनशे तेरा. आपलं घर काकूंच्या ध्यानीमनीही नव्हतं, कारण त्या घराला क्रमांकच नव्हता. साऱ्या गावाच्या माना वळवणाऱ्या बाईचा फॉर्म छापखान्यातून आला तसाच कोरा होता.

दादांना हसू आवरेना. काकूंनाही हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी कोरा फॉर्म घेतला, नाव लिहिलं, सही केली. तिसऱ्या रकान्यापाशी पेन जरा वेळ थांबलं.

“काय सूचना?” दादांनी विचारलं. “पाती निळी?”

काकूंनी उत्तर न देता लिहिलं. मग उठून टॉवेल बाजूला केला आणि खिळ्यावरून अकराही कॅलेंडरं खाली काढली.

बैठकीला हॉल भरला होता आणि सगळ्यांचे चेहरे उतरले होते. बिस्किटांनाही कुणी हात लावला नव्हता, यावरून काय ते समजावं. काकूंनी इंजिनीअरसमोर कॅलेंडरांचा गठ्ठा ठेवला. वर त्यांचा फॉर्म, त्याला चिमटा.

“त्या गोळ्या नव्हत्या, बाळा,” त्या म्हणाल्या. “मी खोटं बोलले.”

आणि त्यांनी दोन, चार, सहा, आठ म्हणजे काय ते सांगितलं. इंजिनीअर पानं उलटत गेली. मग तिनं वही काढली, तारखा लावल्या, टेकडीवरच्या डबीतले आकडे आणि चिमटे शेजारी शेजारी मांडले. ती इतका वेळ मान खाली घालून बसली की अध्यक्षांनी धीर करून एक बिस्कीट घेतलं.

“काकू,” ती शेवटी म्हणाली, “हे तुम्ही सहा महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत?”

काकू उभ्या होत्या. दोनशे माणसं बघत होती, पण या वेळी टाळ्यांची आशा नव्हती. “कारण ते माझं मैदान आहे,” त्या म्हणाल्या. “दिवसातून एक तास तिथं मला कुणी हाक मारत नाही. तो मला सोडवत नव्हता. दुसऱ्यांना सोसा म्हणून सांगणं सोपं होतं.”

इतक्या वर्षांत आपण या बाईला दिवसातून किती हाका मारतो, याचा हिशेब बऱ्याच जणांच्या मनात चालू झाला असावा. पोस्टमननं इतिवृत्ताची मागची पानं चाळली आणि उभा राहिला. “नोंदीत आहे,” तो हळूच म्हणाला. “हूं का चूं करणार नाही, असं.” अध्यक्षांनी त्याला कोट धरून खाली बसवलं.

आठ दिवसांत खांब खिंडीत आला. दोऱ्या काकूंनी स्वतः सोडल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खांबाला चारी बाजूंनी जमिनीत ताणलेल्या तारा होत्या. पहिल्याच सकाळी इंजिनीअरला एका तारेवर चार टॉवेल आणि एक उशीची खोळ फडफडताना दिसली. त्यावरून तिची आणि काकूंची जी बोलाचाली झाली ती इथं सांगण्यात अर्थ नाही. टॉवेल मात्र उतरले. वाट्या अशा फिरत होत्या की नजर ठरू नये.

“आता चादरी कुठे घालणार?” दादांनी विचारलं.

“बघू कुठेतरी.”

“माझं अंगण आहे.”

“तुझ्याकडे वारा नाही.”

“ऊन आहे.”

“आणि आवाज? माझ्या बांबूंचा करकराट, बादल्या, टोपल्या. शिवाय मी बोलते.”

“ते मी तुझ्या जन्मापासून सोसतोय,” दादा म्हणाले. “गावाचं काम असलं की माणसानं थोडं सोसावं. नोंदीत आहे.”

सोमवारी काकूंनी दादांच्या अंगणात पहिल्यांदा चादरी वाळत घातल्या. एका चादरीला दोन चिमटे पुरले. चारी बाजूंच्या पांढऱ्या भिंती उभ्या राहिल्या, पण हलल्या नाहीत. काकू मधे टोपली उलटी करून बसल्या आणि त्यांना रडू आलं. खिंडीची, त्या ओढाताणीची, कानात भरून राहणाऱ्या फडफडाटाची आठवण आली. इथं सगळं ऐकू येत होतं. शाळेची घंटा, रस्त्यावरची सायकल, दूरवर कुणाचं तरी बोलणं. आता हाक येईल, त्यांनी मनाशी म्हटलं. कुणाचा तरी शर्ट, कुणाचं तरी बटण.

दहा वाजले, सव्वादहा झाले. फाटकापाशी पावलं यायची, थांबायची आणि परत जायची. एकदा अध्यक्षांचा खोकला ऐकू आला. तोही आला तसा गेला. व्हायोलिन शिकायला आलेली मुलं मागच्या दारानं चवड्यांवर आत गेली आणि आतून एक सूरही आला नाही.

अकरा वाजता काकू डोळे पुसून उठल्या आणि फाटकाशी गेल्या. बाहेरच्या बाजूला त्यांच्याच एका चिमट्यानं एक कागद लावला होता. उरलेल्या कोऱ्या फॉर्मची मागची बाजू, आणि त्यावर दादांचं वळणदार अक्षर:

‘आत माझी बहीण बसली आहे. दहा ते अकरा हाक मारू नये. सूचना असल्यास अकरानंतर.’

काकूंनी तो कागद दोनदा वाचला. चिमटा जरा तिरका बसला होता, तो त्यांनी सरळ केला. मग आत जाऊन त्या दादांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरापुढे उभ्या राहिल्या आणि आजच्या चौकोनात लिहिलं: दोन.